डावीकडचा आवाज

"याचा डावा गेलाय," असं म्हणत तिने हेडसेट काउंटरवर ठेवला. "रिपेअर होत असेल तर बघा, नाहीतर नवीन दाखवा. वायरलेस हवाय. कॉम्प्युटरला चालला पाहिजे आणि गेमच्या कन्सोललाही."

तिच्या मागे साठीच्या पुढचे एक गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, एका हातात हेल्मेट. ते दुकानातल्या पंख्याकडे बघत होते. पंखा थोडा हलत होता, ते त्यांना खटकलं असावं.

"दोन्हीला चालणारा असतो का पण?" त्यांनी मला विचारलं. "का ही उगाच म्हणतीय? ट्रकचं टायर मोटारीला बसत नाही, एवढंच आम्हाला ठाऊक."

"असतो, काका. बघून घ्यावा लागतो."

"माझे वडील. आप्पा म्हणतात त्यांना सगळे," ती हसून म्हणाली.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीत विश्रामबागेत कॉम्प्युटरचं एक मोठं दुकान होतं, तिथे मी कामाला होतो. वय एकतीस. त्याआधी मी स्वतःचं मोबाइलचं दुकान काढून दोन वर्षांत बंद केलं होतं आणि पुन्हा दुसऱ्याच्या काउंटरमागे उभा राहिलो होतो. छातीवर 'शिरीष लोंढे' असा बिल्ला. गिऱ्हाईक यायचं ते लॅपटॉप घ्यायला, प्रिंटरची शाई घ्यायला. हेडसेटचं कपाट कोपऱ्यात होतं आणि त्यातलं मला जितकं कळत होतं तितकं दुकानात कुणालाच कळत नव्हतं. मी स्वतः खेळायचो. पण ते ज्ञान दाखवायची वेळ महिन्यातून एकदा यायची.

म्हणून मी खुशीत आलो. तिला विचारलं, कन्सोल कुठला, कॉम्प्युटरवर काय खेळता. ती पटापट बोलली. नाव अनुजा मगदूम. एका कॉलेजात लॅब असिस्टंट होती. पाच मुलींची टीम होती त्यांची. चौघी पुण्यात, ही एकटी सांगलीत. रोज संध्याकाळी नेटवरून एकत्र सराव चालायचा. तीन आठवड्यांनी पुण्यात स्पर्धा होती आणि ती कन्सोलवर होती. घरी कॉम्प्युटर, तिथे कन्सोल. दोन्हीकडे एकच हेडसेट हवा, कारण सवय एकाच आवाजाची लागते.

"तुम्ही टीममध्ये काय करता?" मी विचारलं.

"मागची बाजू सांभाळते. कोण कुठून येतंय ते मी सांगायचं. पावलांवरून. चौघी पुढे बघतात, त्यांचं मागे लक्षच नसतं. मी सांगितलं डावीकडे, की त्या न बघता डावीकडे वळतात."

"आणि आठ दिवस झाले, हिला काही सांगता येत नाही," आप्पा म्हणाले. "रोज हरून उठतीय. तोंड एवढंसं. म्हटलं चल बाई, घेऊन टाकू नवीन. माझ्याकडून घे. मी रिटायर झालो तेव्हापासून हिला काही घेतलं नव्हतं."

"आप्पा एसटीच्या वर्कशॉपला होते," तिने सांगितलं.

"मेकॅनिक," आप्पांनी दुरुस्ती केली. "वर्कशॉपला शिपाईपण असतात."

मी कपाटातून तीन हेडसेट काढले. एक नुसता ब्लूटूथचा होता. तो मी लगेच बाजूला ठेवला आणि का ते आप्पांना समजावून सांगितलं. ब्लूटूथला आवाज किंचित मागून येतो. गाणी ऐकताना कळत नाही, पण खेळात आधी गोळी लागते आणि मग बंदुकीचा आवाज येतो. आप्पांना हे फार पटलं. "टायमिंग चुकतंय म्हणा की," ते म्हणाले. दुसरे दोन डोंगलवाले होते, म्हणजे यूएसबीचा एक छोटा तुकडा कॉम्प्युटरला लावायचा, तोच काढून कन्सोलला लावायचा. त्यातला एक तिच्या कन्सोलला चालत नव्हता, कारण त्या कंपनीच्या कन्सोलला वेगळा डोंगल लागतो. डब्यावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं आणि ते कुणी वाचत नाही. मी वाचून दाखवलं. तिसऱ्याच्या डोंगलवर एक इवलंसं बटण होतं. एकीकडे सरकवलं की कॉम्प्युटर, दुसरीकडे सरकवलं की कन्सोल.

"आधीच्या दोन दुकानांत नुसते डबे समोर ठेवले," अनुजा म्हणाली. "हे कुणी सांगितलंच नाही."

मला काय वाटलं असेल, सांगायला नको.

"आधी जुना बघू," मी म्हटलं. तिचा जुना हेडसेट मी दुकानाच्या कॉम्प्युटरला लावला आणि माझ्या डोक्यावर चढवला. आवाज तपासायची एक फाईल मी ठेवली होती. कुणीतरी बुटांनी चालत डावीकडून उजवीकडे जातं आणि परत येतं. मी डोळे मिटून ऐकलं. डावीकडून पावलं आली, मधून गेली, उजवीकडे पोचली. परत फिरली. दोन्ही बाजू स्वच्छ होत्या.

मी वायर हलवून बघितली. कधी कधी वायर ढिली असते. तरीही स्वच्छ.

"गेलाय ना?" आप्पांनी विचारलं.

मी म्हणालो, "गेल्यातच जमा आहे."

असं का म्हणालो? तेव्हा खरंच वाटलं होतं की तिच्या घरच्या कॉम्प्युटरचं सॉकेट खराब असणार, आणि नाहीतरी तिला वायरलेसच हवाय. नवीन डोंगलवर चालेल, प्रश्न मिटेल. एवढाच विचार होता.

तिने नवीन हेडसेट घातला. मी पावलं सुरू केली. ती ऐकत होती आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"याचापण डावा कमी आहे."

"हा डेमोचा आहे. खूप जणांनी वापरलाय," मी म्हटलं आणि नवा डबा फोडला. तिने तो घातला. पुन्हा तेच. "कमी आहे. आणि बारीक शीं असा आवाजपण येतोय डावीकडे. जुन्यालाही यायचा. मी तो काढून ठेवला तरी येत राहायचा थोडा वेळ."

मी तिच्याकडे बघितलं. पावलं संपल्यावर हेडसेट मी बंद केला होता. त्यातून आता काहीच येत नव्हतं.

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हॉर्न वाजवायला लागलं. आप्पांनी स्कूटर कुणाच्या तरी गाडीच्या मागे लावली होती. "आलो," म्हणून ते हेल्मेट काउंटरवर ठेवून बाहेर गेले. शेठ त्या दिवशी कोल्हापूरला गेले होते. दुसरा सेल्समन वर गोडाऊनमध्ये होता. म्हणजे दुकानात आम्ही दोघंच.

"जरा उलटा घालता का?" मी म्हटलं. "डावा कप उजव्या कानावर, उजवा डाव्यावर."

तिने घातला. माइक नको त्या बाजूला आला, तो तिने वर केला. मी पावलं सुरू केली. हेडसेट खराब असेल तर आता तिला उजवीकडे कमी ऐकू यायला हवं होतं.

ती डोळे मिटून ऐकत होती. "नाही," ती म्हणाली. "अजून डावीकडेच कमी येतंय. असं कसं?"

असं कसं, ते मला कळलं होतं. हेडसेट उलटला तरी बाजू बदलली नव्हती. जुना चांगला होता, डेमोचा चांगला होता, हाही चांगला होता. मी तीन वेळा तपासलं होतं आणि तिन्ही वेळा उत्तर एकच होतं.

बोलायचं एवढंच होतं, 'मॅडम, हेडसेटला काही झालेलं नाही, एकदा कान दाखवून घ्या.' सांगलीहून मिरज पाऊण तासाच्याही अंतरावर नाही. मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने. लोक कर्नाटकातून तिथे येतात. ती संध्याकाळी जाऊ शकली असती.

मी बोललो नाही. पंचविशीतल्या अनोळखी मुलीला तिच्या कानाबद्दल कसं सांगायचं, हा संकोच होताच. पण तो सगळ्यात मोठा नव्हता. खरं असं आहे की मला तो प्रसंग तसाच चालू राहायला हवा होता. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझं ऐकून घेत होतं. मी सांगेन ते बरोबर धरत होतं. ती प्रश्न घेऊन आली होती आणि उत्तर माझ्याकडे आहे अशी तिची खात्री होती. 'मला जमणार नाही, दुसरीकडे जा,' हे मी दोन वर्षं माझ्या बंद पडत चाललेल्या दुकानात सांगून कंटाळलो होतो.

"थांबा," मी म्हटलं. "आता सरळ घाला. सेटिंगमध्ये असतं कधी कधी."

मी स्क्रीन माझ्याकडे वळवली. हेडसेटच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅलन्स म्हणून एक पट्टी असते. मधोमध असली की दोन्ही बाजू सारख्या. मी ती डावीकडे सरकवली. थोडी, मग आणखी थोडी. उजवा कमी होत गेला, डावा वाढत गेला. एकूण आवाजही चढवला. ती ऐकत होती.

"थोडं अजून," ती म्हणाली. "अजून. हां. आता. आता बरोबर आलं."

तिने डोळे उघडले आणि हसली. पट्टी जवळजवळ टोकाला पोचली होती. मी ते सेटिंग हेडसेटमध्ये सेव्ह केलं, म्हणजे कॉम्प्युटरला लावा नाहीतर कन्सोलला, ते तसंच राहील.

आप्पा आत आले. "झालं?"

"झालं, आप्पा. ह्यांनी बरोबर पकडलं. सेटिंगचा घोळ होता."

"मग हाच द्या," आप्पा मला म्हणाले. "यातलं तुम्हाला कळतंय, तुम्ही म्हणाल तो." मग तिला म्हणाले, "आता तरी हाक मारली की ऐकशील का? आठ दिवस जेवायला बोलवतोय, तिसऱ्या हाकेला उठतीय."

"लक्ष नसतं माझं," ती म्हणाली.

जुन्या हेडसेटचं काय करू, असं तिने विचारलं. इथेच टाका, भंगाराचा बॉक्स आहे, असं मी सांगितलं. तिने टाकला. जाताना आप्पांनी दारातून वळून पंख्याकडे बोट दाखवलं. "त्याचा एक बोल्ट ढिला आहे. बघून घ्या. डोक्यावर पडायचा कुणाच्या."

ते गेल्यावर मी स्टूल घेऊन पंखा बघितला. खरंच ढिला होता.

त्यानंतर सहा आठवड्यांनी आप्पा एकटे आले. दुपारची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. हातात कापडी पिशवी. मी ओळखलं आणि खुर्ची दिली. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि पिशवीतून एक वर्तमानपत्राची पुडी काढून काउंटरवर उलगडली.

हेडसेट होता. पूर्ण उघडलेला. डाव्या कपाचे स्क्रू, गादी, आतला छोटा स्पीकर, सगळं ओळीने मांडून बांधून आणलं होतं.

"मीच उघडला," ते म्हणाले. "मला यात काय दिसलं नाही. म्हणून तुमच्याकडं आणला."

"काय झालं, आप्पा?"

"अनुजाचा डावा कान गेला."

त्यांनी सांगितलं ते असं. पुण्याला स्पर्धेच्या दिवशी एका मैत्रिणीचा हेडसेट चालेना. तिने अनुजाचा घातला आणि म्हणाली, हे काय लावून ठेवलंयस, डाव्या कानात ओरडतंय आणि उजवीकडं काहीच नाही. अनुजाला वाटलं चेष्टा करतीय. तिने सेटिंग उघडलं, पट्टी मधे आणली, आणि स्वतः घातला. डावीकडून काही आलं नाही. तिने हेडसेट काढला, डाव्या कानाजवळ चुटकी वाजवली. काही नाही. सगळ्या मुली तिच्याकडे बघत होत्या. ती बाहेर गेली आणि मोबाइल डाव्या कानाला लावून आप्पांना फोन केला. आप्पा इकडून हॅलो हॅलो करत होते. तिकडून तिच्या रडण्याशिवाय काही येत नव्हतं.

"मिरजेत दाखवलं दुसऱ्या दिवशी," आप्पा म्हणाले. "कानाची नस गेली म्हणाले. इंजेक्शनं दिली कानात. पण म्हणाले, उशीर झाला. सुरू झाल्यावर आठ-पंधरा दिवसांत आला असता तर थोडीतरी आशा होती. मी विचारलं, कशानं झालं? तर म्हणाले, कारण सांगता येत नाही. पुष्कळदा कारण सापडतच नाही." त्यांनी स्पीकरचा तुकडा उचलला, उजेडाकडे धरला, परत ठेवला. "असं कसं असेल? चाळीस वर्षं इंजिनं उघडली मी. कारण नाही असं एक इंजिन बघितलं नाही."

"डॉक्टर म्हणाले तर..."

"एक विचारू? तुम्हाला कळतंय यातलं, म्हणून आलो. त्यादिवशी इथं तिनं घालून बघितला. तेव्हा तिचा कान चांगला होता ना? तिला नीट ऐकू येत होतं ना दोन्हीकडनं?"

हा प्रश्न त्यांनी अगदी साधेपणाने विचारला. मला पकडायला नाही. माझ्यावर त्यांचा कसलाच संशय नव्हता. शेठ मागच्या केबिनमध्ये होते, दार उघडं होतं. पण खरं सांगायचं तर मला शेठची आठवणही झाली नाही. मला दिसत होता तो स्क्रीनवरचा माझा हात, पट्टी सरकवणारा.

"हो," मी म्हणालो. "व्यवस्थित येत होतं."

"बघा. म्हणजे घेतल्यावरच झालं." त्यांनी मान हलवली. "आणि ते डावीकडं एवढं वाढवलेलं कसं? ती म्हणतीय, तुम्ही इथं लावून दिल्यावर मी हात लावला नाही."

"खेळताना बटण दाबलं जातं चुकून. कळत नाही."

"म्हणजे तेवढा आवाज रोज त्या एकाच कानात जात होता. दोन-दोन तास." ते माझ्याकडे बघत होते. "त्यानं जातो का हो कान?"

इथे तरी मी थांबू शकत होतो. एक वाक्य खोटं बोललो होतो, दुसरं बोललो होतो, पण अजून सगळं हातात होतं. आप्पा, तुमच्या हेडसेटने काही झालेलं नाही. ती आली तेव्हाच तिला कमी ऐकू येत होतं. मला कळलं होतं आणि मी गप्प बसलो. ते चिडले असते, ओरडले असते, शेठनी मला काढलं असतं. कदाचित यातलं काहीही झालं नसतं, ते नुसते उठून गेले असते.

"जास्त आवाज कानाला चांगला नाही, आप्पा," मी म्हणालो. "डब्यावर लिहिलेलं असतं तसं."

"ते मी वाचलं नाही," आप्पा म्हणाले.

ते एकेक स्क्रू वर्तमानपत्रावर गोळा करायला लागले. मी म्हटलं, द्या, मी बदलून देतो, शेठशी बोलतो. त्यांनी मान हलवली.

"तक्रार नाही ओ. तुम्ही चांगलंच दाखवलं होतं. माल चांगला असणार. मी घेऊन दिला, मी चुकलो. ती म्हणत होती थांबा, पगार झाला की घेते. मीच म्हटलं, चल." पुडी बांधून त्यांनी पिशवीत ठेवली. "विचारून खात्री करून घ्यायची होती. तुम्ही खोटं कशाला सांगाल."

दारापर्यंत जाऊन त्यांनी वर बघितलं. पंखा आता हलत नव्हता.

मी त्या दुकानात अजून तीन वर्षं होतो. मधे एका ओळखीच्या कानाच्या डॉक्टरांना, एका नातेवाइकाचं म्हणून, सगळं विचारलं. पहिल्या आठवड्यात आली असती तर वाचला असता का? ते म्हणाले, काहींचा वाचतो, काहींचा नाही, काहींचा आपोआप परत येतो, कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. मला ते ऐकून थोडं हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याचा रागही आला. हेडसेटच्या आवाजाने असा एकच कान एकदम जातो का, हेही विचारलं. ती आधीपासून कमी ऐकत होती म्हणता ना, मग त्याचा काय संबंध, असं ते म्हणाले.

एवढंच वाक्य आप्पांना नेऊन द्यायचं होतं. घर मला माहीत होतं, बिलावर पत्ता होता. वानलेसवाडीत. दोनदा मी त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. एकदा ते दोघं समोरून चालत येताना दिसले. आप्पा तिच्या उजव्या बाजूने चालत होते, रस्त्याच्या बाजूने, रहदारी अंगावर घेत, आणि मान तिच्याकडे वळवून बोलत होते. मी गाडी फिरवली. पुढच्या आठवड्यात जाऊ असं ठरवलं. असे पुढचे आठवडे किती गेले, मोजले नाहीत.

आता सांगली-मिरज रस्त्यावर माझं छोटं दुकान आहे. हे दुसरं टिकलं. गेल्या डिसेंबरात एक बाई राउटर घ्यायला आली. मी किंमत सांगितली तर तिने चेहरा थोडा वळवून उजवा कान माझ्याकडे केला आणि म्हणाली, "पुन्हा सांगता? मला त्या बाजूने ऐकू येत नाही."

ती ओळखून हसली. "अहो, तुम्ही. लोंढे ना? स्वतःचं काढलंत की."

मी हो म्हणालो. तिला बसायला सांगितलं. ती त्याच कॉलेजात होती, आता लॅबची मुख्य. लग्न झालं होतं. खेळते का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "खेळते की. मागची बाजू आता दुसरी बघते. मी पुढे असते." सहज सांगितलं तिने.

मग मी बोललो. पाठ केल्यासारखं, मधे न थांबता. जुना हेडसेट चांगला होता. नवीन चांगला होता. तुम्हाला उलटा घालायला लावला तेव्हाच मला कळलं होतं. पट्टी मी सरकवली. तुम्ही आलात तेव्हाच तुमचा कान कमी ऐकत होता, हेडसेटने काही झालं नाही. आप्पा विचारायला आले तेव्हा मी खोटं सांगितलं.

ती ऐकत होती. उजवा कान माझ्याकडे, नजर काउंटरवर. माझं संपल्यावर तिने एकच विचारलं.

"आप्पा आले होते तुमच्याकडे?"

"हो. स्पर्धेनंतर. हेडसेट उघडून आणला होता त्यांनी."

"मला हे माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"मी त्यांना भेटून सांगतो. आजच येतो, तुम्ही म्हणत असाल तर."

तिने मान हलवली. "आप्पा गेले. दीड वर्ष झालं."

दुकानात एक गिऱ्हाईक आलं, पेन ड्राइव्ह आहे का विचारून गेलं. मी त्याला काय उत्तर दिलं, आठवत नाही.

"कानाचं म्हणाल," ती म्हणाली, "तर डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. नुसत्या आवाजाने नस अशी एकदम, एकाच बाजूची जात नाही. मी रडले सहा महिने, मग सवय झाली. तुम्ही बोलला असतात तर बरं झालं असतं, पण मलाही कळायला हवं होतं. माझाच कान होता." तिने राउटरचा डबा स्वतःकडे ओढला. मग तो तसाच धरून बसली.

"पण आप्पा. शेवटच्या आजारातसुद्धा, आयसीयूतून बाहेर आणल्यावर पहिलं काय म्हणाले असतील? मी तुला ते घेऊन द्यायला नको होतं. सात वर्षं, लोंढे. दिवाळीला काही घेऊन द्यायचे नाहीत. पैसे हातात द्यायचे, म्हणायचे, तूच घे, माझ्या हातानं नको. मी सांगून सांगून थकले, की तुमचा काही दोष नाही, डॉक्टर म्हणालेत. ते म्हणायचे, तू माझं मन राखायला बोलतीस."



ती उठली. पैसे दिले, पिशवी नको म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. रागाला तोंड द्यायची माझी तयारी होती, ती चिडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

"माझं त्यांना कधी पटलं नाही," ती म्हणाली. "तुमचं पटलं असतं."